‘स्वतःचीही काळजी घ्या’ असे सांगण्याआधी

दीर्घ आजाराच्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्याला भेटायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण निघताना एकच वाक्य म्हणतो, ‘तुम्ही स्वतःचीही काळजी घ्या हं.’ वाक्य मनापासून म्हटलेले असते, त्यात खोट काहीच नसते. तरीही दार लावून आत येईपर्यंत ऐकणाऱ्याच्या कामांत आणखी एका कामाची भर पडलेली असते. औषधे, पथ्य, तपासण्या, अंथरूण-पांघरूण, रात्रीची जागरणे, आणि आता स्वतःची काळजी. ती कोणत्या वेळात घ्यायची आणि ती घेत असताना आजारी माणसाजवळ कोण बसणार, हे सांगायला मात्र कुणी थांबत नाही. माझे पती काही वर्षांपासून डायलिसिसवर आहेत, त्यामुळे हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे आणि डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर माझ्यासोबत बसणाऱ्या इतरांनाही ते ऐकून नुसते हसताना पाहिले आहे. शुश्रूषा करणाऱ्याचे मन सांभाळण्याचा भार त्याच्या एकट्यावर टाकता येत नाही, तो मुख्यतः भोवतालच्या माणसांनी उचलायचा असतो, आणि त्यासाठी धीराच्या शब्दांपेक्षा एखादी जबाबदारी मुळासकट अंगावर घेणे अधिक उपयोगी पडते, असे माझे मत झाले आहे.

हे पटण्यासाठी थकवा नेमका कशाचा असतो, ते आधी पाहावे लागते. बाहेरच्याला श्रम दिसतात. उचलणे, बसवणे, धावपळ, खेपा. श्रमांचा शीण एका गाढ झोपेने बराचसा उतरतो. उतरत नाही तो अवधानाचा ताण. हिमोडायलिसिस घेणाऱ्या बहुतेक रुग्णांना आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास यंत्राला जोडून घ्यावे लागते, आणि त्यासाठी हातातील एक रोहिणी व एक नीला शस्त्रक्रियेने जोडून फिस्टुला तयार केलेला असतो. त्या जागेवर बोटे टेकवली की त्वचेखाली एक सततची थरथर लागते. ती लागेनाशी झाली तर आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि वेळ न घालवता रुग्णालय गाठावे लागते, म्हणून ही थरथर रोज तपासावी असे आम्हाला सुरुवातीलाच शिकवले होते. तपासायला काही सेकंद पुरतात. पण मध्यरात्री कूस बदलताना माझा हात आपसूक त्यांच्या हाताकडे जातो, थरथर लागते, जीव भांड्यात पडतो, आणि त्यानंतर पुन्हा डोळा कधी लागेल याचा नेम नसतो. त्या हाताला रक्तदाब मोजण्याची पट्टी गुंडाळायची नाही, त्यातून तपासणीसाठी रक्त काढायचे नाही, हे प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे आहे, हेही मीच लक्षात ठेवायचे. ‘तुम्हाला दिवसभर काय काय करावे लागते?’ असे कुणी विचारले तर यातले काहीच सांगायला सुचत नाही, कारण हे ‘करणे’ नसतेच. सतत जागे असणे असते.

याहून अवघड उलथापालथ नात्यात होते. मूत्रपिंडे निकामी झाली की प्यायलेले पाणी अंगात साठत जाते, आणि दोन डायलिसिसच्या मधल्या काळात वाढलेले वजन हे बहुतांशी पाणीच असते. एक किलो वाढले म्हणजे एक लिटर साठले, असा तो हिशेब. म्हणून पाणी मोजून द्यायचे, रोज सकाळी काट्यावर उभे करायचे आणि आकडा वहीत मांडायचा, असे आमचे सुरू झाले. तहानलेल्या माणसाला पाणी नको म्हणणे किती जड जाते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. एका सकाळी आकडा पाहून मी काही बोलणार, तेवढ्यात हेच म्हणाले, ‘‘तू हल्ली बायको कमी आणि पहारेकरी जास्त झाली आहेस.’’ ते चिडून म्हणाले असते तर मी उलट उत्तर दिले असते. दमलेल्या आवाजात म्हणाले, म्हणून ते जास्त लागले. केंद्रातील एका अनुभवी तंत्रज्ञांच्या कानावर हा प्रकार गेला तेव्हा त्यांनी परस्पर निकालच लावला. ‘‘ताई, वजनाचं तुम्ही आमच्यावर सोडा. काय बोलायचं ते आम्ही काकांशी बोलू. तुम्ही ती वही ठेवून द्या.’’ वजन त्यानंतर लगेच आटोक्यात आले असे नाही, ते कधी वाढते तर कधी ठीक असते. पण त्यावरून होणारे बोलणे आमच्या घरातून उठून केंद्रात गेले आणि आमच्या सकाळी पुन्हा वर्तमानपत्रावरून वाद घालण्यासाठी मोकळ्या झाल्या. त्या तंत्रज्ञांनी मला धीराचा एकही शब्द दिला नव्हता.

मनावरचा हा ताण शरीरात उतरतो, हे संशोधनाने पुरेसे स्पष्ट केले आहे. १९९५ साली अमेरिकेत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या, तशाच उत्पन्नगटातील पण ही जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया घेतल्या, प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी लहानशी जखम केली आणि ती भरून येण्याची वाट पाहिली. काळजी घेणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी ४८.७ दिवस लागले, इतरांची ३९.३ दिवसांत भरली. अभ्यास छोटा होता, पण गाजला, आणि ते साहजिकच होते. ‘मनाला लावून घेऊ नका’ हा सल्ला किती पोकळ आहे हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी दाखवले असेल. पुढे १९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी जोडीदारासोबत राहणाऱ्या ६६ ते ९६ वर्षे वयाच्या लोकांचा चार वर्षे मागोवा घेतला. जोडीदाराची काळजी घेणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवत असलेल्या लोकांमध्ये मृत्यूचे प्रमाण काळजी न घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त आढळले. हा आकडा नेहमी सांगितला जातो. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही: जे काळजी घेत होते पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण वाढलेले दिसले नाही. म्हणजे शुश्रूषा हीच माणसाला पोखरते असे समजण्याचे कारण नाही. ती कोणत्या परिस्थितीत, किती एकटीने आणि मनात काय काय दाबून करावी लागते, यावर बरेच अवलंबून असते.

मनात दाबलेल्या गोष्टींबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण तिथे कुणी फिरकत नाही. आजारी माणसाचा राग येतो. तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला की येतो, पथ्य मोडले की येतो, आणि कधी काहीच कारण नसताना, नुसत्या खोकल्याच्या आवाजानेही येतो. निरोगी मैत्रिणीच्या सहलीचे फोटो पाहून मत्सर वाटतो. शी-शूचे करताना किळस येते, तीही आईची किंवा नवऱ्याची, आणि त्या किळसेची पुन्हा लाज वाटते. आणि एखाद्या रात्री मनात येते की हे आता संपावे. हा शेवटचा विचार मनात आलेली व्यक्ती तो कुणालाही सांगत नाही, कारण तो उच्चारला तर आपण माणुसकीतून उठलो असे तिला वाटते. वास्तविक तो अतिशय सार्वत्रिक आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांचा शुल्झ यांच्याच गटाने केलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या निधनानंतर, तो मृत्यू आपल्यासाठी सुटका होती असे ७२ टक्के लोकांनी सांगितले, आणि रुग्णासाठी तो सुटका होता असे नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना वाटत होते. या माणसांनी प्रेमात कसूर केली होती असे कोण म्हणेल? सुटका हवीशी वाटणे आणि माणूस हवासा वाटणे, या दोन्ही गोष्टी एकाच मनात, एकाच रात्री असू शकतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात अशा नुकसानाचा विचार मांडला, ज्याला धड शेवट नसतो. माणूस समोर बसलेला असतो, पण त्याची ओळख, त्याचा स्वभाव, त्याचा आधार हळूहळू गेलेला असतो. मृत्यूनंतर दुःख करायला समाज परवानगी देतो, सांत्वनाला लोक येतात. जिवंत माणसासाठी रडणाऱ्याला मात्र ‘अहो, ते आहेत ना समोर, हेच नशीब समजा’ असे ऐकवले जाते. बॉस यांचे काम उपयोगी वाटते ते याच कारणासाठी की, त्या या माणसाला सावरून पुढे जाण्याची घाई करत नाहीत. तुमचा गोंधळ हा परिस्थितीचा आहे, तुमच्या मनाच्या दुबळेपणाचा नाही, एवढे मान्य करून त्या बोलायला सुरुवात करतात. घरच्यांनाही एवढे जमण्यासारखे आहे. ‘असं बोलू नये’ याऐवजी ‘मग, अजून काय वाटतं?’ असे विचारून गप्प बसणारे एखादे माणूस आयुष्यात असले तरी बराच निचरा होतो. ते माणूस रुग्णाच्या फार जवळचे नसेल तर अधिक बरे. मुलीसमोर तिच्या बापाबद्दलचा वैताग मोकळेपणाने सांगता येत नाही.

दूर राहणारे नातेवाईक हा स्वतंत्र विषय आहे, आणि त्याबद्दल मी थोडी कडवट असू शकते. लांबून फोन करणाऱ्याला अपराधी वाटत असते, आणि त्या अपराधीपणाचे रूपांतर फार लवकर सूचनांमध्ये होते: दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले का, अमुक उपचारपद्धती पाहिली का, इतके वजन कसे उतरले. रोजची उस्तवार करणारी व्यक्ती या प्रश्नांत आरोप ऐकते, आणि पुष्कळदा तिचे चुकतही नाही. याउलट माझ्या नणंदेने केलेली गोष्ट सांगते. त्या दुसऱ्या देशात असतात आणि वर्षातून जेमतेम एकदा येऊ शकतात. त्यांनी एके दिवशी विचारले, ‘‘वहिनी, तिथे न येता करता येईल असं सगळ्यात कटकटीचं काम कोणतं?’’ विम्याच्या दाव्यांचे, हे मी क्षणभरही विचार न करता सांगितले. त्या दिवसापासून बिलांचे फोटो काढून पाठवणे एवढेच माझ्याकडे उरले; अर्ज, कंपनीशी पत्रव्यवहार, फेटाळलेल्या दाव्यांचा पाठपुरावा आणि मुदतींची आठवण, सारे त्यांच्याकडे गेले. त्यातला मुदतींची आठवण हा भाग सर्वांत मोलाचा होता. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणारा माणूस मागण्याचे कामही दमलेल्यावरच सोपवतो, आणि ‘मी मदत करतो, तू फक्त आठवण कर’ म्हणणारा कष्ट घेतो पण अवधान तिथेच ठेवतो. नणंदबाईंनी दोन्ही नेले.

तासांच्या बाबतीतही असेच आहे. ‘कधीतरी येऊन बसतो’ याने सुटकेचा श्वास घेता येत नाही. दर बुधवारी चार ते सात मी आहे, असे ठरले तर त्या तीन तासांकडे बघत उरलेला आठवडा काढता येतो. त्या वेळात ती व्यक्ती झोपली, नुसती बसून राहिली किंवा बाजारात विनाकारण फिरली तरी विचारू नये. तो वेळ सत्कारणी लागलाच पाहिजे, ही अपेक्षाही एक ओझेच आहे. आणि सोबत बसायला येणाऱ्याने रुग्णाची औषधे, अडचणी आणि संकटात कुणाला फोन करायचा हे आधीच शिकून घ्यावे, नाहीतर बाहेर गेलेल्याचा फोन दर दहा मिनिटांनी वाजतो.

मात्र सगळेच घरच्या मदतीने सुटत नाही, आणि प्रशिक्षित मदतीचा परिणाम चांगला मोजला गेलेला आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या ४०६ पती-पत्नींवर अनेक वर्षे काम केले. ज्यांना मदत दिली त्यांच्यासाठी दोन बैठका एकट्याशी होत्या आणि चार बैठका इतर कुटुंबीयांना घेऊन. त्यानंतर आधारगट, आणि लागेल तेव्हा दूरध्वनीवर समुपदेशकाशी बोलण्याची सोय. त्यांच्या रुग्णांना संस्थेत ठेवण्याची वेळ सरासरीने सुमारे दीड वर्ष पुढे गेली. कुटुंबासोबतच्या बैठका एकट्यासोबतच्या बैठकांच्या दुप्पट आहेत, हे मला लक्षात घेण्याजोगे वाटते. दुखणे एकाच्या मनात असले तरी त्यावरची चर्चा सगळ्यांना बसवून केली गेली. ब्रिटनमधील ‘स्टार्ट’ नावाच्या अभ्यासात तर मानसशास्त्राच्या तरुण पदवीधरांनी, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, लिखित पुस्तिकेच्या आधारे आठ बैठका घेतल्या. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार काळजी घेणाऱ्यांमधील नैराश्याची व चिंतेची लक्षणे कमी झाली, आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात तो परिणाम दोन वर्षांनंतरही टिकून असल्याचे दिसले. म्हणजे दर वेळी मोठे तज्ज्ञच हवेत असे नाही. शिकवलेला, धीराचा आणि ठरल्या वेळी येणारा माणूस हवा.

आधारगटांबद्दल माझे मत जरा सावध आहे. आपल्यासारखेच भोगणाऱ्यांमध्ये बसले की अर्ध्या गोष्टी समजावून सांगाव्याच लागत नाहीत, आणि आमच्या बाकावर जे हसे पिकते ते बाहेरच्या कुणाला कदाचित क्रूर वाटेल. पण ज्या गटात कोण जास्त सोसतो याची चढाओढ लागते किंवा प्रत्येक जण औषधे सुचवू लागतो, तिथून माणूस आणखी जड होऊन परततो. असा गट बिनदिक्कत सोडावा.

रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याकडेही एकदा पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. स्टीव्हन झॅरिट यांनी १९८० मध्ये काळजी घेणाऱ्याचा भार मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली, तिचे आजचे प्रचलित रूप २२ प्रश्नांचे आहे आणि ती भरायला फार वेळ लागत नाही. रुग्णासोबत असताना राग येतो का, स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, असे त्यात सरळ विचारलेले आहे. तेवढेही शक्य नसेल, तर ‘रात्री झोप होते का?’ हा एक प्रश्न, रुग्णाला बाहेर बसवून, विचारता येतो. रुग्णाला बाहेर बसवणे महत्त्वाचे; त्याच्यासमोर ‘होते’ याखेरीज दुसरे उत्तर मिळणार नाही.

काही गोष्टींसाठी मात्र थांबू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहणे, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस न वाटणे, संधी मिळूनही झोप न लागणे, झोपण्यासाठी दारूचा किंवा गोळ्यांचा आधार वाढत जाणे, आजारी माणसावर हात उगारला जाणे, किंवा स्वतःचे आयुष्य संपवण्याचे विचार येणे. हा थकवा समजून सोडून देण्याचा प्रकार नव्हे, यावर उपचार असतात. शेवटची दोन लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीशी बोलावे आणि त्या व्यक्तीला एकटीला रुग्णाजवळ ठेवू नये. ‘तिला गोळ्या सुरू झाल्या तर यांचे कोण करणार?’ असा प्रश्न घरात उठतो, तेव्हा त्याचे उत्तर घरातल्यांनीच द्यायचे असते.

या सगळ्यात रुग्णाला आपण नुसता घेणारा समजतो, तेही बरोबर नाही. ज्याचे मन आणि हात शाबूत आहेत, त्याला वाटा उचलू द्यावा. आमच्याकडे गोळ्यांचा आठवड्याचा डबा हे स्वतः भरतात आणि डायलिसिसच्या वेळा बदलायच्या असल्या तर फोनही स्वतः करतात. त्यात माझा वेळ फारसा वाचत नाही, पण आपण कुणावर तरी लादलेले आहोत ही त्यांची भावना कमी होते, आणि ती कमी झाली की माझ्याशी बोलताना त्यांना सारखे माफी मागितल्यासारखे बोलावे लागत नाही. ज्यांच्या रुग्णाला हे शक्य नाही त्यांचा भार वेगळाच असतो, आणि त्यांना तासांची मदत आधी मिळायला हवी.

शुश्रूषा संपल्यानंतरचा काळही याच विषयात मोडतो. दिवसाचे सारे वेळापत्रक ज्याच्याभोवती होते तो माणूस गेला की दुःखासोबत एक विचित्र रिकामपण येते, गजर नसताना औषधाच्या वेळेला जाग येते, आणि नेमके त्याच सुमारास येणे-जाणे करणारे, फोन करणारे सगळे कमी होतात. बुधवारी चार ते सात येणाऱ्याने तेव्हाही काही महिने येत राहावे. बहुसंख्य माणसे हळूहळू सावरतात. २००३ च्या त्याच अभ्यासात नैराश्याची लक्षणे मृत्यूनंतर वर्षभरात शुश्रूषेच्या काळापेक्षाही कमी झालेली दिसली. काहींचे दुःख मात्र तीव्रतेने तसेच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अशा दीर्घकाळ लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे, आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांचा कालावधी धरलेला आहे. तेवढा काळ लोटूनही रोजचे व्यवहार सुरू होत नसतील, तर घरच्यांनी स्वतः डॉक्टरांची वेळ घ्यावी आणि त्या व्यक्तीला सोबत घेऊन जावे.